कुत्र्या-मांजरांच्या दातांकडेही बघा!

बैलबाजारात बैल घेणारा शेतकरी आधी जनावराच्या पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून बघतो आणि मग तोंड उघडून दात बघतो. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला हे शब्द त्याला कुणी शाळेत शिकवलेले नसतात. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ अशी म्हणच आपल्याकडे आहे. तेव्हा जनावराचे दात बघणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. परंतु त्याच शेतकऱ्याच्या अंगणात दहा-दहा वर्षे राखण करणाऱ्या कुत्र्याचे दात मात्र कुणी बघत नाही. कुत्र्याच्या दातांचा विषय घरात निघतो तो ते कुणाला तरी चावल्यावरच!

मी एका तालुक्याच्या गावी पशुवैद्यक म्हणून बरीच वर्षे काम करतो आहे. आमच्याकडे कुत्रे येते ते लसीसाठी, गोचिडांसाठी, खरजेसाठी किंवा उलट्या-जुलाबासाठी. ‘डॉक्टर, याचे दात जरा बघा’ असे म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. लस टोचायला आणलेल्या मोठ्या कुत्र्याचा ओठ मी वर उचलतो, तेव्हा मालकाला आश्चर्य वाटते. आत दिसते ते पाहून आणखी आश्चर्य वाटते. दाढांवर पिवळ्या-तपकिरी थराची कड, लालभडक हिरड्या, काही वेळा पू, आणि नाक मुरडायला लावणारा वास. त्यावर ठरलेले उत्तर येते, “कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच की! पण जेवतो व्यवस्थित.”

आजच्या लेखात या उत्तरातल्या दोन्ही गोष्टींविषयी लिहायचे आहे. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला असा घाण वास येत नसतो. आणि व्यवस्थित जेवते म्हणजे त्याचे दात दुखत नाहीत, असेही नव्हे.

दात किती आणि केव्हा?

कुत्र्याच्या पिलाला दुधाचे २८ दात असतात. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून ते दिसू लागतात. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात येतात. मांजराच्या पिलाला दुधाचे २६ आणि मोठेपणी ३० दात असतात. या काळात पिलू चपला, खुर्चीचे पाय, सतरंजीची टोके चावते. दुधाचा दात कधी अंगणात सापडतो, बहुतेक वेळा पिलू तो गिळून टाकते. त्याची काळजी करू नये.

काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची. छोट्या जातीच्या कुत्र्यांत, विशेषतः आपल्या गावोगाव दिसणाऱ्या पोमेरेनियनमध्ये, दुधाचा सुळा पडत नाही आणि त्याला खेटूनच कायमचा सुळा येतो. एका जागी दोन दात! त्यांच्या फटीत अन्न अडकते, नवा दात वाकडा होतो, कधी टाळूत रुततो. सहा-सात महिन्यांच्या पिलाच्या तोंडात असे दोन सुळे शेजारी शेजारी दिसले, तर दुधाचा दात काढून घ्यावा. तो आपोआप पडेल म्हणून वर्षभर वाट पाहू नये.

२००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचे कुत्रे झळकले आणि पुढे ते छोट्या गावांतही पोहोचले. पगचा जबडा आखूड असतो, पण त्यातही ४२ दातच बसवायचे असतात! मग दात आडवे-तिडवे येतात आणि खराबही लवकर होतात. असे कुत्रे पाळणाऱ्यांनी पहिल्या वर्षापासूनच दातांकडे लक्ष द्यावे.

लहानपणी डिस्टेंपर होऊन वाचलेल्या काही कुत्र्यांच्या दातांवर खड्डे आणि तपकिरी डाग दिसतात. दाताचे वरचे कवच तयार होत असतानाच या आजाराने ते बिघडते. डिस्टेंपरची लस वेळेवर देण्याला हेही एक कारण आहे.

किटण कसे धरते?

जेवण झाल्यावर काही तासांतच दातांवर जंतूंचा चिकट, डोळ्यांना न दिसणारा थर बसू लागतो. तो बोटाने किंवा ब्रशने पुसला जातो. पुसला नाही तर दोन-तीन दिवसांत लाळेतले क्षार त्यात बसतात आणि तो दगडासारखा कडक होतो. हेच किटण. एकदा किटण धरले की ते ब्रशने निघत नाही.

आपल्यापेक्षा कुत्र्याची लाळ जास्त अल्कधर्मी असते. त्यामुळे माणसासारखी दाताची कीड कुत्र्यांत कमी आढळते, पण किटण मात्र लवकर धरते. सगळ्यांत जास्त किटण वरच्या मोठ्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला साचते, कारण लाळेची नळी तिथेच उघडते. म्हणून नुसते पुढचे दात पांढरे दिसले म्हणजे सगळे ठीक आहे असे समजू नका. ओठाचा कोपरा मागे ओढून दाढा बघा.

दिसणाऱ्या किटणापेक्षा न दिसणारे किटण जास्त घातक असते. जंतू हिरडीखाली शिरतात. आधी हिरडी लाल होते, सुजते, हात लावताच रक्त येते. इथवर रोग पूर्ण बरा होण्यासारखा असतो. त्यापुढे हिरडी आणि दात यांच्यामध्ये खोल कप्पा तयार होतो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि दात हलू लागतो. झिजलेले हाड परत मिळत नाही. मोठ्या कुत्र्यांत आढळणारा सगळ्यांत सामान्य आजार कोणता, तर हाच हिरड्यांचा आजार. तीन वर्षांचे होईपर्यंत बहुतेक कुत्र्यांत त्याची काही ना काही सुरुवात झालेली असते.

हा आजार तोंडापुरता राहतोच असे नाही. वरच्या सुळ्याच्या मुळाशी असलेले पातळ हाड झिजले, तर तोंडातून नाकात भोक पडते. असे कुत्रे सारखे शिंकते, एका नाकपुडीतून शेंबूड किंवा रक्त येते आणि मालक सर्दीची औषधे देत राहतात. छोट्या जातींत खालचा जबडा आतून इतका पोखरतो की खाटेवरून उडी मारल्याचे निमित्त होऊन तो मोडतो. हिरड्यांतले जंतू रक्तात उतरतात. हृदय, यकृत आणि मूत्रपिंडातील बिघाडांशी दातांच्या जुनाट आजाराचा संबंधही अभ्यासकांना आढळला आहे.

‘पण जेवतो आहे ना!’

आता जेवणाविषयी. आपली दाढ दुखली की आपण गालावर हात धरून बसतो आणि घर डोक्यावर घेतो. मुके जनावर तसे करत नाही. दुखणे लपवणे हा त्याचा स्वभावच आहे. शिवाय कुत्रे आपल्यासारखे चावून चावून खात नाही. तोडते आणि गिळते. दुधात कुस्करलेली भाकरी किंवा वरणभात असेल तर दातांचे कामही पडत नाही. म्हणून निम्मे दात हलत असले तरी ताट चाटून पुसून साफ होते. भूक दुखण्यापेक्षा मोठी असते, एवढाच त्याचा अर्थ.

त्यामुळे कुत्रे जेवायचे थांबेपर्यंत वाट बघू नका. त्याआधी दिसणाऱ्या खुणा अशा:

तोंडाला घाण वास येणे. एकाच बाजूने खाणे. घास तोंडातून खाली पडणे. कडक पोळीचा तुकडा किंवा बिस्कीट घेऊन ते खाली टाकणे आणि मऊ तेवढे खाणे. लाळ गळणे, लाळेत रक्त दिसणे. पंजाने तोंड खाजवणे किंवा गाल जमिनीवर घासणे. तोंडाला हात लावू न देणे. पूर्वी चेंडू किंवा काठी तोंडात धरून खेळणारे कुत्रे खेळेनासे होणे. आणि सगळ्यांत फसवी खूण म्हणजे कुत्रे गप्प गप्प होणे, ज्याला आपण ‘वय झाले आता’ असे म्हणतो.

डोळ्याखालची सूज

याचे एक उदाहरण सांगतो. एका वीटभट्टीवरचे राखणीचे मोती नावाचे कुत्रे माझ्याकडे आणले होते. उजव्या डोळ्याखाली सूज होती, ती फुटून पू आला होता. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे असे तिसऱ्यांदा झाले होते. आधी कुणी काठी मारली असेल म्हणून हळद भरली, मग गळू म्हणून मलम लावले. इंजेक्शनेही झाली. औषध चालू असेपर्यंत बरे वाटायचे, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तीच जागा फुटायची.

मी ओठ उचलला. वरच्या बाजूची सगळ्यांत मोठी दाढ उभी चिरली होती आणि तिचा एक तुकडा उडालेला होता. या दाढेला तीन मुळे असतात आणि ती डोळ्याच्या बरोबर खाली येतात. दाढ फुटली की आतला मगज उघडा पडतो, जंतू मुळापर्यंत जातात, तिथे पू होतो आणि तो डोळ्याखालच्या कातडीतून वाट काढतो. म्हणजे दुखणे दातात आणि मलमपट्टी गालावर! हे कुत्रे रोज मटणाच्या दुकानातली मोठी हाडे फोडून खात होते.

भूल देऊन ती दाढ काढली. दोन आठवड्यांत गालाची जखम भरली ती पुन्हा फुटली नाही. महिन्याने मालक भेटले तेव्हा म्हणाले, “डॉक्टर, आम्हाला वाटलं मोती म्हातारा झाला. आता रात्री पुन्हा भट्टीभोवती फेऱ्या मारतो.” कितीतरी महिने ते कुत्रे दुखण्यात काढत होते आणि रोज दोन वेळा जेवतही होते.

हाड द्यावे की नाही?

कुत्रा म्हटला की हाड आलेच. हाड चघळल्याने दात साफ होतात हे अर्धेच खरे आहे. किटण थोडे घासले जात असेल, पण वरच्या दाढा फुटण्याचे मोठे कारणही हाडेच आहेत. शिजवलेल्या हाडांच्या अणकुचीदार काचा होतात आणि त्या घशात, आतड्यात टोचतात. कोंबडीची शिजवलेली हाडे तर देऊच नयेत. हाडाचा तुकडा वरच्या दोन्ही दाढांच्या मध्ये, टाळूला आडवा अडकून बसतो. नळीच्या हाडाची गोल चकती खालच्या सुळ्यांमागे जबड्यात बांगडीसारखी बसते आणि कुत्रे वेड्यासारखे तोंड खाजवत फिरते.

चघळायला काय द्यावे याची एक सोपी परीक्षा आहे. ज्या वस्तूवर तुमच्या अंगठ्याच्या नखाचा ओरखडा किंवा खळगा उमटत नाही, ती वस्तू दातासाठी फार कडक समजावी. हाड, शिंग, खूर, दगड या सगळ्या वस्तू या परीक्षेत नापास होतात. दगड तोंडात घेऊन खेळण्याची सवय असेल तर ती लहानपणीच मोडावी. बाजारात दात साफ राहण्यासाठी म्हणून चघळण्याच्या कांड्या मिळतात. त्यांतल्या काहींवर ‘व्हेटरिनरी ओरल हेल्थ काउन्सिल’ या अमेरिकेतील संस्थेची खूण असते. किटण कमी होते याचा पुरावा तपासून ही खूण दिली जाते. घ्यायची तर अशी खूण पाहून घ्यावी.

मांजराची गोष्ट वेगळी

मांजर तर दुखणे लपवण्यात कुत्र्याच्याही पुढे. किराणा दुकानातले उंदीर धरणारे मांजर असो की आता घरोघर दिसणारे लांब केसांचे पर्शियन, दोघांच्या तोंडात दोन आजार नेहमी आढळतात.

पहिला आजार म्हणजे दात आपोआप विरघळणे. यात हिरडीच्या कडेला दाताला खड्डा पडतो आणि दात हळूहळू विरघळत जातो. तो फार दुखतो. त्या जागेला नुसता स्पर्श झाला तरी मांजराचा जबडा थरथरतो. याला सिमेंट भरून उपयोग होत नाही, दात काढावाच लागतो. याचे नेमके कारण अजून उलगडलेले नाही.

दुसरा आजार म्हणजे सगळ्या तोंडाचा दाह. हिरड्या आणि घशाजवळचा भाग लालभडक, मांसाळ होतो. मांजर भुकेने ताटलीकडे धावते, एक घास घेते आणि किंचाळून मागे पळते. अंग चाटणे बंद होते, त्यामुळे केस राठ आणि गुंतलेले दिसू लागतात. मांजरांच्या सर्दीचा कॅलिसी नावाचा विषाणू अशा मांजरांत पुष्कळदा सापडतो. औषधांनी तात्पुरता आराम पडतो. परंतु बऱ्याच मांजरांत सर्व दाढा काढून टाकणे हाच सगळ्यांत चांगला उपाय ठरतो.

दाढा काढायच्या म्हटल्यावर मालक घाबरतात. “मग ते खाणार काय?” हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मऊ भात, मासा, कुस्करलेले अन्न ही मांजरे आणि कुत्री दाढांशिवाय छान खातात. दुखरी दाढ असण्यापेक्षा दाढ नसणे कितीतरी सुखाचे.

एक इशारा दोघांसाठीही. तोंडात गाठ, मांस वाढल्यासारखे काही किंवा न भरणारी जखम दिसली, तर लगेच दाखवा. कुत्र्या-मांजरांच्या तोंडात कर्करोग होतो आणि त्यात उशीर महागात पडतो.

तोंडात हात घालण्याआधी थांबा

हा भाग प्रत्येकाने वाचावा, घरी कुत्रे नसले तरीही.

कुत्र्याची लाळ गळते आहे, खालचा जबडा लोंबतो आहे, खाता-पिता येत नाही, आवाज बदलला आहे. हे पाहून घरातले लोक म्हणतात, “घशात हाड अडकले.” आणि कुणीतरी हात घालून बघतो. वाचकहो, हीच लक्षणे रेबीजचीही असतात. पिसाळलेले कुत्रे सैरावैरा धावते आणि दिसेल त्याला चावते एवढेच आपल्याला माहीत असते. परंतु रेबीजचा दुसरा, मुका प्रकार असतो. त्यात कुत्रे शांत पडून राहते, जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात आणि लाळ गळत राहते. ते चावत नाही, पण त्याच्या लाळेत विषाणू असतात.

काही वर्षांपूर्वी एका वस्तीवरून असे कुत्रे आणले होते. शाळेत जाणाऱ्या मुलाने हाड शोधायला दोनदा मनगटापर्यंत हात घातला होता. बोटांवर दातांचे ओरखडे होते. वडील पुन्हा पुन्हा सांगत होते, “साहेब, तो चावलेला नाही हो.” मी कुत्रे वेगळे बांधायला लावले, मुलाचा हात साबणाने धुवायला लावला आणि त्यांना तसेच सरकारी रुग्णालयात पाठवले. दोन दिवसांत कुत्रे मेले. मेंदूच्या तपासणीत रेबीज निघाला. मुलाने त्याच दिवशी जखमेभोवती देण्याचे इंजेक्शन घेतले होते, लसीचे सगळे डोसही पूर्ण केले. तो आज खणखणीत आहे. ते ओरखडे ‘किरकोळ’ म्हणून सोडले असते, तर काय झाले असते हे सांगायला नको. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की जवळजवळ कुणीच वाचत नाही.

म्हणून हाड अडकल्यासारखे वाटले तरी हात घालू नका. विशेषतः कुत्र्याला लस दिलेली नसेल, किंवा ते नेहमीपेक्षा वेगळे वागत असेल तर मुळीच नाही. मुलांना दूर ठेवा, कुत्र्याला बंद जागेत ठेवा आणि पशुवैद्यकाला कळवा. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. चुना, तिखट, हळद काहीही भरू नका. आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. उरलेले डोस सांगितलेल्या तारखांना न चुकता घ्या.

दवाखान्यात काय करतात?

किटण काढण्यासाठी कुत्र्याला किंवा मांजराला पूर्ण भूल द्यावी लागते. त्याआधी तपासणी होते, गरजेप्रमाणे रक्त तपासले जाते आणि काही तास उपाशी ठेवावे लागते. श्वासनलिकेत नळी घातली जाते, म्हणजे पाणी आणि किटणाचे कण फुप्फुसात जात नाहीत. कंपनांवर चालणाऱ्या यंत्राने हिरडीच्या वरचे आणि खालचे किटण काढतात, प्रत्येक दाताभोवतीचा कप्पा सळईने मोजतात, सोय असेल तर एक्स-रे काढतात. वाचण्यासारखा दात ठेवतात, बाकीचे काढतात आणि शेवटी दात घासून गुळगुळीत करतात. खडबडीत दातावर किटण लवकर धरते.

हल्ली काही ठिकाणी ‘भूल न देता दात पांढरे करून देतो’ असे सांगतात. जागे कुत्रे हिरडीखाली अवजार घालू देत नाही. त्यामुळे दिसणारा भाग तेवढा खरवडला जातो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, तशातला हा प्रकार. दात चकचकीत दिसतात आणि रोग खाली वाढत राहतो. जगभरच्या पशुदंतवैद्यकांच्या संस्थांनी या पद्धतीला विरोध केला आहे.

भुलेची भीती वाटणे साहजिक आहे. धोका अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पण योग्य तपासणी करून दिलेल्या भुलेचा धोका हा वर्षानुवर्षे तोंडात बाळगलेल्या पुवापेक्षा बहुतेक वेळा कमीच असतो. तालुक्याच्या दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशींचे असते, तिथे दातांची यंत्रे असतीलच असे नाही. आपल्या पशुवैद्यकाला विचारून मोठ्या शहरातील दवाखान्यात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. राज्यात मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर येथे अशी महाविद्यालये आहेत. जाण्याआधी चौकशी करावी, म्हणजे हेलपाटा वाचतो.

नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांवर भागवण्याचा आग्रह मात्र धरू नका. प्रतिजैविकाने चार दिवस वास जातो. किटण तिथेच असते, म्हणून वासही परत येतो.

घरी काय करावे?

सगळ्यांत उत्तम उपाय म्हणजे रोज दात घासणे. हे वाचून कुणी हसेल. पण पिलू असल्यापासून सवय लावली तर दोन मिनिटांचे काम आहे.

पहिला आठवडा नुसते ओठ उचलून, बोटाने हिरड्यांवर हळूच चोळा. लगेच आवडीचे काही खायला द्या. दुसऱ्या आठवड्यात बोटाला स्वच्छ ओले फडके गुंडाळून दात पुसा. तिसऱ्या आठवड्यापासून लहान मुलांचा मऊ ब्रश वापरा. फक्त दातांची बाहेरची बाजू घासली तरी चालते, आतली बाजू जीभ बरीच साफ ठेवते. वरच्या दाढांवर भर द्या. प्राण्यांसाठी मुद्दाम बनवलेली पेस्ट मिळाली तर उत्तम, नाहीतर साधे पाणी घ्या. खरे काम घासण्याने होते. रोज जमले नाही तर एक दिवसाआड घासा. किटण दोन-तीन दिवसांत कडक होते हे लक्षात घेतले, तर आठवड्यातून एकदा घासणे का पुरत नाही ते कळेल.

ज्याच्या हिरड्या आधीच सुजल्या आहेत, त्याला घासायला बसू नका. दुखेल, आणि ते चावेल. आधी उपचार, मग ब्रश. तसेच ज्या कुत्र्याला तोंडाला हात लावलेला चालत नाही, त्याच्याशी जबरदस्ती करू नका.

हे मुळीच करू नका

माणसांची टूथपेस्ट वापरू नका. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, ते सगळे गिळते. काही पेस्टमध्ये आणि साखरविरहित च्युइंगगममध्ये झायलिटॉल असते. त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर एकदम उतरते, यकृत निकामी होऊ शकते आणि जीवही जातो.

मिश्री किंवा तंबाखू हिरड्यांना लावू नका, निकोटीन हे विष आहे. लवंगेचे तेल आपल्या दाढेला बरे वाटते, परंतु मांजराला ते विषारी ठरते.

घरातली दुखण्यावरची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकच्या वापरावर भारतात २००६ साली गिधाडांच्या मृत्यूंमुळे बंदी आली, हेही ध्यानात ठेवावे.

पक्कड घेऊन घरी दात किंवा किटण काढू नका. मूळ मोडून आत राहते, छोट्या कुत्र्याचा जबडाही मोडू शकतो.

दर रविवारी एक मिनिट

एवढे सगळे जमेल न जमेल, एक गोष्ट मात्र सर्वांना जमण्यासारखी आहे. आपले कुत्रे किंवा मांजर निरोगी आहे, ओळखीचे आहे, त्याला रेबीजची लस वेळेवर दिलेली आहे, अशा वेळी दर रविवारी त्याला उजेडात घ्या. एका हाताने डोके धरा, दुसऱ्या हाताने ओठाचा कोपरा वर उचला. तोंड उघडायची गरज नाही. वास घ्या. दाढा बघा, हिरड्यांचा रंग बघा, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते, काही कुत्र्यांत ती जन्मतःच काळी असते. लाल कड, पिवळा थर, फुटका दात किंवा सूज दिसली, तर पुढच्या लसीची वाट न बघता दाखवून आणा.

आपले कुत्रे आपल्याला दाढ दुखते म्हणून सांगायला येणार नाही. ते ताट रिकामे करेल, शेपूट हलवेल आणि रात्री दारात बसेल. म्हणून ओठ आपणच उचलायचा आहे.